व्युत्क्रमी अभिक्रिया आणि रासायनिक समतोल: खानदेशातून नेहमी येणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची अकरावी-बारावीची मुलं समतोलाच्या धड्यापाशी हमखास अडतात. सूत्रं पाठ असतात, गणितंही सुटतात; पण भांड्यात नक्की काय चाललंय असं विचारलं की गप्प होतात. त्यात त्यांचा दोष नाही. धड्यातली उदाहरणं हायड्रोजन आयोडाइडची असतात, आणि तो वायू आपल्यापैकी कुणी पाहिलेला नसतो. म्हणून इथे पुस्तकातल्या उदाहरणांबरोबर रावेर-यावलचं ठिबक, काळ्या मातीतला युरिया, मे महिन्यातला कूलर हेही घेतलं आहे. एक प्रश्न मात्र प्रत्येक उत्तर वाचताना स्वतःला विचारत राहा: भांड्यातून काही बाहेर जातंय का?

व्युत्क्रमी अभिक्रिया म्हणजे काय?

जी पुढे जाते तशीच मागेही येते ती. वर्गात सगळे रिव्हर्सिबल रिअ‍ॅक्शन म्हणतात, तीच ही.

कल्हईवाला तापलेल्या भांड्यात नवसागर टाकतो तेव्हा पांढरा धूर उठतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. उष्णतेने त्याचे दोन वायू होतात, अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड. दोन्हींना रंग नाही. भांड्यापासून वर, जरा गार हवेत गेले की ते पुन्हा एकत्र येतात आणि नवसागराचे बारीक कण तयार होतात. आपल्याला दिसतो तो धूर म्हणजे हे कण. तोवर हायड्रोजन क्लोराइडने तांब्या-पितळेवरचा ऑक्साइडचा थर काढून टाकलेला असतो, म्हणून कथील नीट धरतं.

अमोनियम क्लोराइड ⇌ अमोनिया + हायड्रोजन क्लोराइड

प्रयोगशाळेत परीक्षानळीत चिमूटभर नवसागर तापवलात तर तळचा नाहीसा होतो आणि नळीच्या वरच्या गार भागात पांढरा थर बसतो. एकाच नळीत, काही सेंटीमीटरच्या अंतरावर, एकाच अभिक्रियेच्या दोन्ही दिशा दिसतात. हा प्रयोग शिक्षकांनी दाखवायलाच हवा.

सगळ्याच अभिक्रिया अशा उलटतात का?

तत्त्वतः बहुतेक, व्यवहारात नाही. भरतासाठी पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेलं वांगं परत कच्चं होत नाही आणि जळलेली पऱ्हाटी परत उभी राहत नाही. ज्वलनातले वायू निघून जातात, भरपूर ऊर्जाही बाहेर पडते, आणि मागे येण्याचं प्रमाण इतकं नगण्य असतं की अशा अभिक्रियेला आपण एकेरी बाण देतो.

समतोल साधला म्हणजे अभिक्रिया थांबली ना?

नाही. पूर्ण धड्यातून एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: समतोलात दोन्ही अभिक्रिया चालूच असतात, फक्त त्यांचे वेग सारखे असतात.

भुसावळ जंक्शनच्या फलाटावर एखाद्या वेळी दर मिनिटाला जितकी माणसं येतात तितकीच बाहेर पडतात. वरून पाहणाऱ्याला गर्दी तेवढीच दिसते, पण तासाभरापूर्वीचं एकही माणूस आता तिथे नसेल. भांड्यातल्या रेणूंचं तसंच. रंग, दाब, संहती (म्हणजे ठरावीक आकारमानात पदार्थ किती आहे ते) काही बदलत नाही, म्हणून बाहेरून सगळं शांत वाटतं.

याला पुरावा काय, असा प्रश्न चांगली मुलं विचारतात. पुरावा आहे. नायट्रोजन, हायड्रोजन आणि अमोनिया यांचं समतोलात आलेलं मिश्रण घ्यायचं. तसंच दुसरं मिश्रण साध्या हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन, म्हणजे ड्युटेरियम, वापरून तयार करायचं. दोन्ही एकत्र करून ठेवली की काही वेळाने अमोनियाचं एकूण प्रमाण तेवढंच राहतं, पण काही अमोनिया रेणूंत एक ड्युटेरियम, काहींत दोन असे मिश्र रेणू सापडतात. अभिक्रिया थांबलेली असती तर ही अदलाबदल झालीच नसती.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकू. समतोल म्हणजे दोन्ही बाजूंना निम्मं-निम्मं नव्हे. कुठे ९९ टक्के उत्पादिते, म्हणजे अभिक्रियेतून तयार होणारे पदार्थ, असतात, कुठे जेमतेम १ टक्का. समान असतात ते वेग, प्रमाणं नव्हेत.

बंद भांडं का लागतं?

कारण उघड्या भांड्यातून एखादा घटक निसटत राहिला तर मागे येणारी अभिक्रिया कुणाच्या जोरावर व्हायची?

चुन्याची भट्टी पाहा. चुनखडी तापवली की कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड मिळतो. बंद पात्रात तापवली तर कार्बन डायऑक्साइडचा दाब वाढत जातो आणि त्या तापमानाला ठरलेल्या एका दाबाशी अभिक्रिया समतोलात येते. साधारण ९०० अंश सेल्सिअसला हा दाब १ वातावरणाइतका, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाइतका, होतो. भट्टीवाल्याला मात्र समतोल नकोच असतो. त्याची भट्टी वरून उघडी असते, वायू निघून जात राहतो आणि सगळी चुनखडी चुना होईपर्यंत अभिक्रिया पुढेच जाते.

मे महिन्यात कूलर गारवा देतो, मग श्रावणात का नाही?

इथे रासायनिक बदल नाही, पाणी ⇌ वाफ एवढाच भौतिक समतोल आहे. पण समजून घ्यायला याहून सोपं काही सापडणार नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि हवा कोरडी ठाक असते. हवेत वाफ कमी, म्हणून वाफेचं परत पाणी होण्याचा वेग कमी. पाण्याची वाफ होण्याचा वेग त्याहून बराच जास्त राहतो, वाफ होताना पाणी उष्णता घेतं आणि वारा गार येतो. श्रावणात हवा वाफेने जवळजवळ भरलेली असते. जितकं पाणी उडतं जवळपास तितकंच परत येतं, उष्णता खेचली जात नाही, नुसता दमटपणा वाढतो. खोलीच्या खिडक्या बंद करून कूलर लावला तर मे महिन्यातही थोड्या वेळाने हेच होतं. खिडकी उघडी ठेवा म्हणतात ते याचसाठी.

समतोल स्थिरांक सोप्या भाषेत काय सांगतो?

ठरावीक तापमानाला अभिक्रिया किती पुढे जाऊन समतोलात येईल, हे. उत्पादितांच्या संहतींचा गुणाकार भागिले अभिकारकांच्या, म्हणजे सुरुवातीच्या पदार्थांच्या, संहतींचा गुणाकार, आणि समीकरणातले सहगुणक घातांक म्हणून. आकडा १ पेक्षा खूप मोठा असेल तर समतोल उत्पादितांकडे, खूप लहान असेल तर अभिकारकांकडे.

एक गणित करून पाहू. अॅसेटिक आम्ल आणि इथाइल अल्कोहोल यांपासून इथाइल अॅसेटेट आणि पाणी होतं. या अभिक्रियेचा स्थिरांक सुमारे ४ आहे. दोन्ही अभिकारक १-१ मोल घेतले आणि समतोलाला क्ष मोल एस्टर झालं, तर पाणीही क्ष मोल आणि उरलेलं आम्ल व अल्कोहोल प्रत्येकी (१ − क्ष) मोल.

क्ष² ÷ (१ − क्ष)² = ४
क्ष ÷ (१ − क्ष) = २
क्ष = २/३

म्हणजे कितीही वेळ थांबलात तरी एक तृतीयांश आम्ल शिल्लक राहणार. आता आम्ल १ मोलच ठेवून अल्कोहोल २ मोल घ्या. समीकरण सोडवलं की क्ष ०.८५ च्या जवळ येतो. स्थिरांक तोच, ४. पण आम्लाचा वापर ६७ वरून ८५ टक्क्यांवर गेला. दोन अभिकारकांतला महाग कोणता ते पाहून स्वस्त अभिकारक जास्त ओतायचा, हे कारखान्यातलं नेहमीचं गणित आहे. दुसरा उपाय तयार होणारं पाणी काढून घेत राहण्याचा.

ल शातेलिएचं तत्त्व म्हणजे काय? ते पाठच करायचं का?

समतोलात असलेल्या प्रणालीवर बाहेरून बदल लादला, तर त्या बदलाचा परिणाम काही अंशी कमी होईल अशा बाजूला समतोल सरकतो. आंरी ल शातेलिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हे १८८४ साली मांडलं. «काही अंशी» हे शब्द मुलं गाळतात. बदल पूर्णपणे पुसला जात नाही.

पाठ करण्यापेक्षा नायट्रोजन डायऑक्साइडची बंद नळी पाहावी. दोन तपकिरी रेणू जोडले जाऊन रंगहीन डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड होतो आणि जोडताना उष्णता बाहेर पडते. नळी बर्फात ठेवली की तपकिरी रंग फिका होतो, गरम पाण्यात ठेवली की गडद. हे कितीही वेळा करता येतं. वायू विषारी आहे, म्हणून नळी शिक्षकांनी आधीच सीलबंद केलेलीच हवी.

हे तत्त्व दिशा सांगतं, कारण सांगत नाही. कारण हवं असेल तर भांड्यातल्या आत्ताच्या संहतींचं गुणोत्तर स्थिरांकाच्याच सूत्राने काढा आणि स्थिरांकाशी ताडून पाहा. गुणोत्तर लहान असेल तर अभिक्रिया पुढे, मोठं असेल तर मागे. मला स्वतःला मुलांनी आधी हे गुणोत्तर शिकावं आणि मग तत्त्व, असंच वाटतं.

ठिबकच्या नळ्या पांढऱ्या थराने का चोक होतात?

खानदेशातल्या शेतकऱ्याला रासायनिक समतोल सगळ्यात जास्त कुठे भेटत असेल तर इथे. केळीच्या पट्ट्यात ठिबकशिवाय पान हलत नाही, आणि बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं, असलं की ड्रिपरच्या तोंडाशी पांढरं बसतंच.

गोष्ट जमिनीखाली सुरू होते. हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के असतो, पण मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वसनामुळे मातीतल्या हवेत तो याच्या कित्येक पट असतो. खाली झिरपणारं पाणी तो विरघळवून घेतं, आणि असं पाणी चुनखडीवरून गेलं की न विरघळणारी चुनखडी बायकार्बोनेटच्या रूपात पाण्यात उतरते.

चुनखडी + पाणी + कार्बन डायऑक्साइड ⇌ कॅल्शियम बायकार्बोनेट

बोअरमधून पाणी वर आलं की चित्र पालटतं. वरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड कमी, म्हणून तो पाण्यातून निसटतो. डावीकडचा एक घटक कमी झाला, समतोल डावीकडे सरकतो आणि विरघळलेली चुनखडी परत घट्ट होऊन बाहेर पडते. त्यात दुपारी मोटार बंद झाली की काळ्या नळीत उरलेलं पाणी उन्हाने तापतं. तापलेल्या पाण्यात वायू कमी विरघळतो आणि चुनखडीही गरम पाण्यात कमीच विरघळते. दोन्ही कारणं एकाच दिशेने ढकलतात. ड्रिपरच्या तोंडाशी लोंबणारा शेवटचा थेंब सुकतो आणि क्षार तिथेच बसतो.

आम्ल सोडल्यावर नळ्या का मोकळ्या होतात, याचंही उत्तर यातच आहे. आम्ल कार्बोनेटशी अभिक्रिया करून त्याचा कार्बन डायऑक्साइड करतं, तो निघून जातो, आणि कॅल्शियम विरघळलेल्या रूपात पाण्यात जातं. नळीतल्या पाण्याचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा; ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली) साधारण ४ च्या आसपास येईल इतकं आम्ल देतात, ठरावीक वेळ तसंच ठेवतात आणि मग शेवटची टोकं उघडून नळ्या धुतात. आम्ल किती आणि कोणतं, हे पाणी तपासून आणि संच बसवणाऱ्याला विचारूनच ठरवा. आणि कृपा करून एवढं पाळाच: आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीही नाही. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे.

कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फेटची विद्राव्य खतं एकाच टाकीत कालवू नका असं सांगतात, तेही या कुळातलंच. कॅल्शियम आणि फॉस्फेट समोरासमोर आले की त्यांचा न विरघळणारा साका होतो.

पेरलेल्या युरियाचा वास का येतो? नत्र खरंच उडून जातं का?

जातं. युरिया ओल्या मातीत पडला की युरिएज नावाच्या विकरामुळे (एन्झाइममुळे) त्याचं अमोनियम होतं. हा टप्पा एकेरी आहे. पुढचा टप्पा मात्र दोन्ही दिशांचा:

अमोनियम ⇌ अमोनिया वायू + हायड्रोजन आयन

२५ अंशांना पीएच ९.२५ असेल तर अमोनियम आणि अमोनिया निम्मे-निम्मे असतात. ७.२५ ला अमोनिया साधारण १ टक्का, ८.२५ ला सुमारे ९ टक्के. आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात, तिचा पीएच बऱ्याच ठिकाणी ८ च्या आसपास असतो. शिवाय युरियाच्या दाण्याभोवती तो तात्पुरता आणखी चढतो. वरून ऊन. तापमान वाढलं की समतोल अमोनियाकडे सरकतो. वाऱ्याने अमोनिया नेला की उरलेलं अमोनियम त्याची जागा भरायला पुढे येतं. शेत म्हणजे चुन्याच्या भट्टीइतकंच उघडं भांडं.

म्हणून युरिया भर दुपारी उघड्यावर फेकू नये. मातीआड करावा, लगेच पाणी द्यावं किंवा ठिबकमधून थोडा-थोडा सोडावा. अमोनियम खाली गेलं की चिकणमातीच्या कणांना धरून राहतं, वाऱ्याच्या हाती लागत नाही. पैसे देऊन आणलेलं नत्र पिकाला मिळालं पाहिजे, आणि त्यासाठी लागतं ते एवढंच.

अमोनिया बनताना उष्णता बाहेर पडते. मग कारखान्यात ४५० अंश कशाला?

फार चांगला प्रश्न.

नायट्रोजन + ३ हायड्रोजन ⇌ २ अमोनिया, आणि सोबत ९२ किलोज्यूल उष्णता

उष्मादायी अभिक्रिया, म्हणजे तापमान जितकं कमी तितका समतोल अमोनियाकडे. २०० वातावरण दाबाखाली समतोलाला ४०० अंशांना अमोनिया ४० टक्क्यांच्या आत असतो, ५०० अंशांना २० टक्क्यांच्याही आत येतो. मग गारच का ठेवत नाहीत? कारण नायट्रोजनच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध फार घट्ट. गार मिश्रणात समतोल उत्तम, पण तिथवर पोचायला लागणारा वेळ कुणाकडेच नाही. समतोल म्हणजे कुठे पोचणार. वेग म्हणजे कधी पोचणार. या दोन प्रश्नांची गल्लत केली की हा धडा कधीच समजत नाही.

फ्रिट्झ हाबरने १९०९ मध्ये ऑस्मियम हा उत्प्रेरक, म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, वापरून प्रयोगशाळेत हे जमवून दाखवलं, आणि कार्ल बॉशने ते कारखान्यात उतरवलं. जर्मनीतल्या ओपाऊ इथला कारखाना १९१३ साली सुरू झाला. लोखंडाचा उत्प्रेरक, ४०० ते ५०० अंश तापमान आणि १५० ते २५० वातावरण दाब असा मधला मार्ग निघाला. चार रेणूंचे दोन होतात, म्हणून दाब वाढवला की समतोल अमोनियाकडे सरकतो. एका फेरीत थोडाच वायू बदलतो, पण मिश्रण गार करून अमोनियाचा द्रव काढून घेतात आणि उरलेला वायू परत आत सोडतात. इथेही तेच: तयार झालेलं बाहेर काढत राहायचं, समतोल कधी पुरा होऊ द्यायचा नाही. आपल्या शेतातल्या युरियाचं नत्र याच वाटेने आलेलं असतं.

उत्प्रेरक घातला की उत्पादन वाढतं का?

समतोलातलं प्रमाण वाढत नाही. पुढची आणि मागची दोन्ही अभिक्रिया तो सारख्याच पटीने वेगवान करतो. समतोल लवकर येतो, एवढंच.

सिकलसेलचा याच्याशी काय संबंध?

नंदुरबारच्या आदिवासी भागात हा आनुवंशिक आजार बराच आढळतो, म्हणून हा प्रश्न तिकडच्या विद्यार्थ्यांकडून येतो आणि तो यायलाच हवा.

हिमोग्लोबिन + ऑक्सिजन ⇌ ऑक्सिहिमोग्लोबिन

फुप्फुसात ऑक्सिजन भरपूर, समतोल उजवीकडे. स्नायूंत ऑक्सिजन कमी, समतोल डावीकडे, आणि ऑक्सिजन सुटून पेशींना मिळतो. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या साखळीत एक अमिनो आम्ल बदललेलं असतं. ऑक्सिजन सोडलेल्या अवस्थेत असे रेणू एकमेकांना चिकटून लांब धागे बनवतात आणि लाल पेशी विळ्याच्या आकाराची होते. ऑक्सिजन मिळाला की धागे सुटतात, पेशी पूर्ववत होते. पण हे पुन्हा पुन्हा घडलं की पेशीचं आवरण बिघडतं आणि मग ती परत गोल होत नाही. व्युत्क्रमी बदल कायमचा कसा होतो, त्याचं हे दुखरं उदाहरण.

शरीरातलं पाणी कमी झालं की पेशीतल्या हिमोग्लोबिनची संहती वाढते आणि समतोल धाग्यांकडे सरकतो. म्हणून आजार असलेल्यांनी उन्हाळ्यात पाणी भरपूर प्यायचं, हा सल्ला रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही पक्का आहे. औषधोपचार डॉक्टरांच्याच सल्ल्याने. रक्ततपासणी मात्र लग्नाआधी दोघांनीही करून घ्यावी.

घरी करता येईल असा प्रयोग?

हळद. चिमूटभर हळद पाण्यात ढवळून गाळून घ्या. त्यात पापडखाराचं पाणी थोडं थोडं घाला. पिवळा रंग तांबूस होईल. लिंबू पिळा, परत पिवळा. हळदीतल्या कुर्क्युमिनची दोन रूपं हायड्रोजन आयनांच्या संहतीप्रमाणे एकमेकांत बदलतात. खाराचं पाणी घालून बराच वेळ ठेवलंत तर पिवळा रंग आधीइतका परतत नाही, कारण अल्कलीत कुर्क्युमिन हळूहळू मोडतं, आणि ते मोडणं एकेरी असतं.

हे सगळं पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं?

क्लोद लुई बर्तोले या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या. १७९८ मध्ये नेपोलियनच्या मोहिमेबरोबर तो इजिप्तला गेला होता. तिथल्या खाऱ्या तळ्यांच्या काठी त्याला धुण्याच्या सोड्याचे थर दिसले. प्रयोगशाळेत धुण्याचा सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड एकत्र केले की चुनखडी आणि मीठ मिळतं. इथे मिठाचा प्रचंड साठा आणि चुनखडीचा दगड यांपासून उलट सोडा बनला होता. अभिक्रियेची दिशा पदार्थांच्या प्रमाणावरही ठरते, हे त्याने ओळखलं. नॉर्वेच्या गुलबर्ग आणि वागे यांनी १८६४ मध्ये त्याला गणिताचं रूप दिलं. दोन दिशांच्या बाणांचा वापर व्हान्ट हॉफने १८८४ मध्ये रूढ केला. रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल १९०१ साली त्यालाच मिळालं.

परीक्षेत गुण कुठे जातात?

स्थिरांक बदलतो तो फक्त तापमानाने. संहती किंवा दाब बदलला की समतोलाची जागा सरकते, आकडा तोच राहतो. शुद्ध घन आणि शुद्ध द्रव स्थिरांकाच्या सूत्रात लिहायचे नाहीत. चुन्याच्या भट्टीतल्या अभिक्रियेत फक्त कार्बन डायऑक्साइडचा दाब येतो. समीकरण उलटं लिहिलं तर स्थिरांकाचा व्यस्त घ्यायचा, समीकरणाला २ ने गुणलं तर वर्ग. आणि हेलियमसारखा निष्क्रिय वायू घालण्याचा प्रश्न आला तर आधी पाहा की आकारमान स्थिर आहे की दाब. आकारमान स्थिर असेल तर अभिक्रियेतल्या वायूंचे आंशिक दाब (मिश्रणातल्या प्रत्येक वायूचा स्वतःचा दाब) बदलत नाहीत, म्हणून काहीच सरकत नाही. दाब स्थिर असेल तर भांडं फुगतं, आंशिक दाब उतरतात, आणि समतोल जास्त रेणू असलेल्या बाजूला जातो.